वेदनेचे प्रमाण

'ज्याचे जळते त्याला कळते' ही म्हण आपल्या घरोघरी बोलली जाते. तिचा पूर्वार्ध उघड आहे : जळणाऱ्यास जळल्याचे ज्ञान होते. तिचा उत्तरार्ध मात्र कोणी उच्चारीत नाही, आणि तोच अधिक सोयीचा म्हणून आपण मनातल्या मनात धरून ठेवतो. तो असा की, ज्याचे जळत नाही त्याला कळत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याच्यावर काही जबाबदारीही येत नाही. दुसऱ्याचे दुःख अनुभवता येत नाही हे मानवी स्थितीतील एक सत्य आहे. परंतु त्या सत्याची आपण हळूच एक सबब करून टाकतो. सत्याची सबब होऊ लागली की ते तपासून पाहणे हे विचारी माणसाचे कर्तव्य ठरते, आणि प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

'प्रमाण' ह्या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक माप, म्हणजे किती, केवढे. आणि दुसरा पुरावा, म्हणजे कशावरून. वेदनेच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकमेकांत असे गुंतून बसले आहेत की, पहिल्याचे उत्तर न मिळाले म्हणजे आपण दुसऱ्याचेही नाही असे धरून चालतो. 'इतके दुखण्यासारखे काय झाले आहे?' असा प्रश्न आपण विचारतो तेव्हा वरवर मापाबद्दल बोलत असतो. खरे पाहता आपण पुरावा मागत असतो. हा पुरावा कोणी, कोणाजवळ आणि कोणत्या अधिकाराने मागावा, हा तर्कशास्त्राचा प्रश्न आहे तितकाच नीतिशास्त्राचा आहे. तो मला पुस्तकांतून सुचला असता तर बरे झाले असते. परंतु तो मला माझ्याच घरात, आणि फार उशिरा, सुचला.

माझी थोरली बहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही तिला ताई म्हणतो. नागपुरातील महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात ती वाढली. लहानपणापासून तिची चाल किंचित झुलती होती, आणि घरातील वडीलधाऱ्या बायका तिला 'डौल' म्हणत. १९९० च्या सुमारास, पहिल्या बाळंतपणानंतर, तिची डावी जांघ दुखू लागली. प्रथम जिना चढताना, मग मांडी घालून बसल्यावर उठताना, आणि पुढे पुढे रात्री त्या कुशीवर वळतानाही. ती सांगे, आणि आम्ही ऐकत असू. म्हणजे आमच्या कानांवर पडे. कोणी वात म्हणाले, कोणी बाळंतपणातला अशक्तपणा म्हणाले. हळदीकुंकवाला सगळ्या बायका सतरंजीवर बसल्या असता ती भिंतीला टेकून उभी राहू लागली, तेव्हा 'हिला मिजास आली' असेही म्हणणाऱ्या भेटल्या. एका डॉक्टरांनी गुडघ्याचे क्ष-किरणचित्र काढविले. खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात उतरते व रोग्याचा हात तेथेच जातो. पण त्या दिवशी ते कोणास सुचले नाही. गुडघा निर्दोष निघाला, आणि त्या निर्दोष गुडघ्याने ताईला दोषी ठरविले.

१९९७ मध्ये माझे लग्न झाले. वाड्याच्या अंगणात पंगती बसल्या होत्या, आणि ताई वाढावयाचे सोडून एका खुर्चीवर बसली होती. चार नातलगांच्या देखत मी तिला म्हणालो, "ताई, आजचा दिवस तरी दुखणे बाजूला ठेव." ती काही बोलली नाही. उठली, आणि तिने तीन पंगती वाढल्या. त्या रात्री ती वाड्याचा जिना पायरीपायरीवर बसून, हातांच्या आधाराने अंग वर उचलीत चढत असताना मी पाहिली, आणि माझ्या मनात आले की, ही आता आपला राग दाखवीत आहे. मी त्या वेळी तत्त्वज्ञान हा विषय घेऊन एम. ए. झालेला होतो आणि एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत होतो.

२००३ मध्ये एका तरुण शल्यवैद्याने तिला चार पावले चालावयास लावली, आणि गुडघ्याचे नव्हे तर खुब्याचे चित्र काढावयास सांगितले. तिच्या डाव्या खुब्याची उखळी जन्मापासून उथळ होती. पहिल्या तक्रारीपासून तेरा वर्षे लोटली होती. ते चित्र घरात आले त्या दिवसापासून आम्ही सारे तिच्याशी फार चांगले वागू लागलो. तिला खुर्ची मिळू लागली, जिना चढावयास कोणाचा तरी हात मिळू लागला. काही दिवसांनी ती मला शांतपणे म्हणाली, "तुम्ही फोटोवर विश्वास ठेवलात रे, माझ्यावर नाही." हे वाक्य त्या दिवसापासून माझ्यापाशी आहे.

ह्या विकाराचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढील विचार त्यावर उभा आहे. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते व ते कमरेच्या हाडातील एका खोलगट जागेत बसते. म्हणूनच त्याला उखळीचा सांधा म्हणतात. एका पायावर शरीराचा भार येताच ह्या सांध्यावर पडणारा दाब शरीराच्या वजनाइतका नसून, साध्या चालण्यातही सुमारे अडीच पट असतो. कारण तोल राखणारे स्नायू त्याच वेळी त्याला आवळून धरीत असतात. साठ किलो वजनाच्या बाईच्या प्रत्येक पावलागणिक दीडशे किलोंचा भार हा सांधा सोशीत असतो. उखळी खोल असली म्हणजे तो भार विस्तृत जागेवर वाटला जातो. उथळ असली म्हणजे काठावर साचतो. वर्षानुवर्षे काठ झिजतो, काठाभोवतीचा कूर्चेचा गोट फाटतो, आणि जे हाडाने धरावयाचे ते स्नायूंना धरून ठेवावे लागते.

हा दोष मुलांपेक्षा मुलींत कित्येक पट अधिक आढळतो. पहिलटकरणीच्या अपत्यात अधिक, ज्या घरात पूर्वी कोणास झाला त्या घरात अधिक, आणि जी मुले आईच्या पोटात उलटी असतात त्यांच्यात तर विशेष. आपल्याकडे पायांकडून जन्मलेल्यास पायाळू म्हणतात, आणि कोणाच्या कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची चाल आहे. ज्याच्या पायाने इतरांची कंबर बरी व्हावी अशी समजूत, त्याच्याच खुब्याला जन्मतः अधिक धोका असावा, हा दैवाचा विनोद म्हणावा लागेल. तान्ह्या मुलाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळले असता उखळी नीट घडत नाही, आणि मांड्या फाकवून मोकळ्या ठेवल्या असता ती खोल होत जाते. जपानमध्ये १९७५ पासून पाय सरळ बांधण्याची पद्धत सोडविण्याची मोहीम देशभर चालली, आणि खुबा निखळलेल्या मुलांची संख्या पुष्कळच खाली आली. आपल्या बायका मूल कडेवर घेतात तेव्हा त्याच्या मांड्या आपोआपच अशा फाकलेल्या राहतात. ही चाल हितकारक असावी असे अस्थिवैद्यांचे मत आहे. मात्र त्याच आपल्या घरांत न्हाऊमाखू घातल्यावर तान्हुल्याला दुपट्यात पाय ताणून करकचून गुंडाळण्याचीही रीत आहे. एक हात देतो व दुसरा घेतो असा हा प्रकार आहे.

आता मापाच्या प्रश्नाकडे वळू. १९३९ मध्ये स्वीडनमधील गुन्नार विबर्ग ह्या अस्थिवैद्याने उखळीचा उथळपणा मोजण्यासाठी एक कोन ठरवून दिला. चेंडूच्या मध्यातून सरळ वर एक रेघ काढावयाची, दुसरी उखळीच्या बाहेरच्या काठापर्यंत, आणि दोहोंमधील कोन मोजावयाचा. पंचवीस अंश वा त्याहून अधिक असला तर ठीक, विसाहून कमी असला तर उथळ, मधला असला तर संशयित. हा कोन आजही मोजला जातो. माणसाच्या बुद्धीला अशा कोनाने मोठे समाधान वाटते. आपल्याला सहजच वाटते की, कोन जितका कमी तितके दुःख अधिक. कोन कळला म्हणजे दुःख कळले.

पण अनुभव ह्याच्या उलट आहे. ज्यांच्या चित्रातील कोन पाहून वैद्याने चिंतेने मान हलवावी अशी काही माणसे चाळिशीपर्यंत डोंगर चढतात. आणि ज्यांचा कोन जेमतेम संशयित आहे अशा काहींना रात्रीची झोप मिळत नाही. चित्र आणि वेदना ह्यांचे नाते आहे, पण ते ढिले आहे. मग वेदना कशाने वाढते वा घटते? वयाने, शरीराच्या वजनाने, दिवसभर उभे राहावे लागते की बसावे लागते ह्याने, काठाचा गोट फाटला आहे की शाबूत आहे ह्याने, आणि हाडाचे काम अंगावर घेऊन थकलेल्या स्नायूंनी व त्यांच्या कंडरांनी, ज्यांची नोंद क्ष-किरणचित्रात मुळीच उमटत नाही. तसेच झोपेने, चिंतेने, विषादाने, आणि 'आता काहीतरी मोडेल' ह्या भयानेही. कुटुंबात कोणी समजून घेणारे आहे की नाही, नोकरी जाण्याची धास्ती आहे की नाही, ह्यानेही. अमेरिकेतील एका रुग्णालयात अशा रोग्यांचा इतिहास तपासला असता पहिल्या दुखण्यापासून खऱ्या निदानापर्यंत सरासरी पाच वर्षे गेलेली आढळली. त्या पाच वर्षांत माणूस नुसता दुखण्यात राहत नाही. तो संशयात राहतो, प्रथम दुसऱ्यांच्या आणि मग स्वतःच्याही. ताईने मला पुढे एकदा सांगितले की, १९९७ च्या सुमारास तिला स्वतःलाच वाटू लागले होते की आपण आळशी असू.

येथे एक तर्कदोष टपून बसलेला असतो. वेदनेवर मनाचा परिणाम होतो हे ऐकताच पुष्कळ शहाणी माणसे म्हणतात, 'म्हणजे मनाचेच आहे तर!' आणि 'मनाचे' ह्याचा त्यांच्या कोशातील अर्थ 'खोटे' असा असतो. ह्या दोन विधानांमध्ये दरी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, इटलीच्या रणभूमीवर बीचर ह्या अमेरिकन डॉक्टराने गंभीर जखमी सैनिकांना विचारून पाहिले, तेव्हा वेदनाशामक औषध हवे असे त्यांतील सुमारे चौथाईनेच सांगितले. त्याचा लेख १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने लावलेला अर्थ असा की, ह्या सैनिकांना जखम म्हणजे मृत्यूतून सुटका व घरचा रस्ता होता. तेवढीच जखम शांततेच्या काळात नागरिकास झाली तर ती सर्वनाश वाटते. पण त्या सैनिकांच्या जखमा काल्पनिक होत्या असे कोणी म्हणत नाही. अर्थाने वेदना कमी होऊ शकते, तर अर्थाने ती वाढूही शकते. आणि दोन्ही प्रसंगी ती तितकीच खरी असते. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल ह्या दोघा शास्त्रज्ञांनी मांडले की, शरीराकडून येणाऱ्या संदेशांना पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असते, आणि मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांनी ते कमीअधिक उघडते. त्या मताच्या तपशिलात पुढे बदल झाले. पण मन हे वेदनेच्या बाहेर बसलेले प्रेक्षक नसून तिच्या घडणीतील भागीदार आहे, ही गोष्ट कायम राहिली. तेव्हा 'मनाचाही भाग आहे' ह्याचा अर्थ 'कमी खरे आहे' असा नसून 'उपायाला आणखी एक दार आहे' असा आहे. एका बाजूने विज्ञानाने हे दार उघडावे आणि दुसऱ्या बाजूने आपण तेच दार रोग्याच्या तोंडावर लावावे, ह्याहून ज्ञानाचा दुरुपयोग तो कोणता?

मापाचा प्रश्न असा हाती लागत नाही असे दिसल्यावर पुराव्याकडे येऊ. आपल्या न्यायदर्शनात गौतमाने चार प्रमाणे मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दुखणाऱ्यास आपले दुःख मनाने प्रत्यक्ष कळते; नैयायिकांनी तर दुःख हे आत्म्याच्या अस्तित्वाच्या खुणांत गणले आहे. डॉक्टर सुजेवरून, चालीवरून, चित्रावरून अनुमान करतो. आपण नातलग उपमानावर चालतो. 'मलाही एकदा असेच दुखले होते, चार दिवसांत गेले', हा आपला पुरावा. राहिला शब्द. आप्ताचे वचन प्रमाण असते, असे न्यायदर्शन मानते. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. भाष्यकार वात्स्यायनाच्या मते ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आता वाचकांनीच सांगावे की, स्वतःच्या वेदनेच्या बाबतीत त्या वेदनेच्या धन्याहून अधिक साक्षात जाणणारा दुसरा आप्त कोठून आणावयाचा?

पण आपण तसे वागत नाही. घरात आपण चार्वाक असतो. डोळ्यांना दिसले तरच मानतो. आमच्या घरी ते चित्र आले म्हणजे काय झाले? दुःख प्रत्यक्ष झाले असे आम्हाला वाटले. वास्तविक प्रत्यक्ष झाले ते हाड. आणि दवाखान्यात बहुधा वैशेषिकांचे राज्य असते. ते शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानीत नाहीत, त्याला अनुमानाच्या पोटात ढकलतात. म्हणजे रोग्याचे बोलणे ही साक्ष न राहता एक लक्षण होऊन बसते, सुजेसारखे किंवा तापासारखे. हल्ली रुग्णालयांत 'शून्य ते दहापैकी किती दुखते?' असे विचारण्याची पद्धत आहे. पद्धत वाईट नाही. निदान ती रोग्याला विचारते. परंतु एके ठिकाणी ताईला तो प्रश्न केला असता तिने उलट विचारले, "किती सांगू, म्हणजे तुम्हाला खरे वाटेल?" तेरा वर्षांच्या अविश्वासाने तिला शिकविले होते की, आकडा हा दुःखाचा नसून ऐकणाऱ्याच्या विश्वासाचा असतो. कमी सांगावा तर कोणी लक्ष देत नाही, अधिक सांगावा तर कांगावा ठरतो. बेंथमने अठराव्या शतकात सुखदुःखांची तीव्रता, कालावधी वगैरे धरून त्यांचा हिशेब मांडण्याची कल्पना केली, आणि आम्ही ती विद्यार्थ्यांना शिकवितो. पण हिशेब मांडणाऱ्यापुढे जमाखर्च सांगणाराच घाबरून उभा असेल तर त्या वहीचे काय होणार, हा प्रश्न आम्ही परीक्षेत घालीत नाही.

वात्स्यायनाच्या त्या विवेचनात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला फार मोठी वाटते. आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ ह्या सर्वांना सारखेच लागू आहे असे तो सांगतो. साक्ष देणाऱ्याची जात नव्हे, तर त्याचे जाणणे पाहावयाचे. ह्या वचनाची कसोटी पाहावयाची असेल तर आम्हा विदर्भकरांना फार दूर जावे लागत नाही.

नागपुरातील शुक्ला आणि सोलंकी ह्या दोघा डॉक्टरांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' ह्या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लेख प्रसिद्ध केला. विदर्भात हा रक्तविकार पिढ्यान्‌पिढ्या आहे. विशेषतः आदिवासी व दलित समाजांत, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया आणि खुद्द नागपूर ह्या जिल्ह्यांत. ह्या विकारात रक्तातील तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांत असह्य कळा येतात. थंडीने, अंगातील पाणी कमी झाल्याने, श्रमाने त्या उठतात. उठलेली कळ खरी की खोटी हे ठरविणारी कोणतीही रक्ततपासणी नाही. रोगी सांगतो हाच पुरावा. खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा ह्या रोगात खुंटतो, आणि ऐन तारुण्यात तो चेंडू आतून मरू लागतो. ताईच्या खुब्यात उखळीचा दोष होता, येथे चेंडूचा. पण रोग्याच्या वाट्याला येणारा संशय एकच. त्यातही विशेष असा की, आरंभीच्या काळात साध्या क्ष-किरणचित्रात काहीच दिसत नाही. हाड कोसळू लागल्यावर चित्र बोलू लागते. म्हणजे वेदना आधी सांगते आणि चित्र मागाहून येते. त्या मधल्या काळात जो मजूर 'खुबा दुखतो, मला ओझे उचलवत नाही' म्हणतो, त्याला मुकादम कामचोर म्हणतो, आणि दवाखान्याच्या रांगेत तो आपल्या बोलीत जे सांगतो ते पुरते ऐकून घेण्यास कोणास सवड नसते. ताईच्या बाजूला निदान सुशिक्षित घर होते, भाषा होती, पुन्हा पुन्हा दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याचे सामर्थ्य होते. आणि तरीही तेरा वर्षे लागली. ज्याच्या शब्दाला इतर कोणत्याच बाबतीत वजन दिले जात नाही, त्याच्या वेदनेच्या शब्दाला ते अकस्मात कोठून मिळावे? कोणाचे दुखते हे निसर्ग ठरवितो. कोणाचे दुखते असे मानावयाचे हे समाज ठरवितो.

ह्यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. जगात ढोंगी माणसे नाहीत काय? रजेसाठी, पैशासाठी, कामातून सुटण्यासाठी दुखण्याचे सोंग कोणी करीत नाही काय? करतात. शिक्षकाच्या धंद्यात तीस वर्षे घालविल्यावर परीक्षेच्या दिवशीच उठणाऱ्या पोटदुखीशी माझा चांगला परिचय आहे. सरकारलाही कोठेतरी रेघ ओढावी लागते. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा चाळीस टक्के ही मर्यादा घालतो, आणि ते टक्के ठरविताना सांधा किती वळतो, स्नायूंत बळ किती, हे मोजले जाते, कारण ते मोजता येते. त्याच कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले, ही स्तुत्य गोष्ट आहे. तथापि व्यवहारासाठी ओढलेली रेघ ही सत्याची सीमा नव्हे. एकोणचाळीस टक्केवाल्याचे दुखणे चाळिसाव्या टक्क्याला सुरू होत नाही.

शिवाय दोन चुकांचे वजन सारखे नाही. ढोंग्यावर विश्वास ठेवला तर आपले थोडे नुकसान होते : एक दिवसाची रजा, चार पैसे, किंचित हसे. खऱ्यावर अविश्वास दाखविला तर त्याचे दुहेरी नुकसान होते. दुखणे तर असतेच, आणि त्यावर एकटेपणा चढतो. तो एकटेपणा पुन्हा दुखणे वाढवितो. म्हणजे आपला अविश्वास हा वेदनेबाहेर उभा राहून दिलेला निकाल नसतो. वेदना वाढविणाऱ्या कारणांच्या यादीत वजन, वय, निद्रानाश ह्यांच्या पंक्तीला तोही जाऊन बसतो. न्यायाधीशच आरोपीच्या पिंजऱ्यात सापडावा असा हा चमत्कार आहे.

विश्वास ठेवणे म्हणजे रोग्याचे सारेच म्हणणे मान्य करणे नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. 'मला दुखते' ह्या विधानात रोगी आप्त आहे. 'माझा गुडघाच बिघडला आहे' ह्या विधानात तो आप्त नाही, तेथे वैद्य आप्त आहे. ताई स्वतः कित्येक वर्षे गुडघ्यावर हात ठेवीत होती. तिची साक्ष खरी होती, तिचे अनुमान चुकले होते. आणि आम्ही अनुमान चुकले म्हणून साक्ष खोटी ठरविली. कोर्टात एखादा साक्षीदार चोर कोणत्या गल्लीने पळाला हे चुकीचे सांगू शकतो. तेवढ्यावरून चोरीच झाली नाही असे कोणी म्हणत नाही. १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये ती व्याख्या सुधारताना मुद्दाम एक टीप जोडली, तिचा आशय असा की, माणूस आपल्या अनुभवास वेदना म्हणून सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. विज्ञानाला हे लेखी नमूद करावे लागले, यावरूनच व्यवहारात काय चालत होते ते उमगते.

हा लेख येथे संपविता आला असता. पण तसे केल्यास मी स्वतःवर फार सौम्य निकाल दिल्यासारखे होईल. २०१२ मध्ये ताईचा खुबा बदलण्यात आला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. नवे चित्र इतके सुबक होते की, मी ते घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवीत असे. तिचे दुखणे पुष्कळच कमी झाले. पण गेले नाही. अशा शस्त्रक्रियेनंतर साधारण दहांतील एखाद्याला काही दुखणे मागे राहते, हे मला पुढे कळले. तिने ते सांगितले तेव्हा माझ्या तोंडून सहज निघून गेले, "पण ताई, आता तर फोटो अगदी चांगला आहे!" ती माझ्याकडे पाहून हसली. त्या हसण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला ते सोसवले नाही. पंधरा वर्षांपूर्वी पंगतीत केलेली चूक मी पुन्हा एकदा केली होती, फक्त ह्या खेपेस अधिक चांगल्या पुराव्यानिशी. चूक कळणे आणि चूक सुटणे ह्यांत किती अंतर असते, हे मला त्या दिवशी समजले.

तेव्हापासून मी एक साधा नियम केला आहे. तो तत्त्वज्ञानाच्या कोणत्याही ग्रंथात शोभण्यासारखा नाही, पण घरात चालतो. कोणी दुखते म्हणाले की 'किती?' किंवा 'कशावरून?' असे विचारण्यापूर्वी 'कुठे?' आणि 'मी काय करू?' एवढेच विचारावयाचे. मापे व कारणे वैद्याने शोधावी. ते त्याचे काम आहे आणि त्याने ते कसून करावे. आपले काम साक्ष ऐकून घेण्याचे. परवा दिवाळीत ताई आमच्याकडे आली होती. फराळाला सगळे खाली सतरंजीवर बसले, तेव्हा कोणी काही म्हणण्याच्या आत माझ्या मुलीने तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली, आणि दुसरी स्वतःसाठी आणून ती आत्याच्या शेजारी बसली. तिने ताईचे एकही क्ष-किरणचित्र पाहिलेले नाही.